बकुळीचा करदोटा

एका राज्यात, चैत्र महिन्यात, तिसऱ्या प्रहराची पहिली घटका भरली आणि राजाच्या लाडक्या हत्तीची पाठ खाजली. भिंत होती, बुरूज होता. पण लाडोबाने पाठ घासली ती अंगणातल्या कोवळ्या बकुळीला. साल सोलली, खोड वाकलं. ते रोप मायाधर जादूगाराने राजकन्येच्या बारशाला लावलेलं. त्याने तिथल्या तिथे शाप दिला, "ही बकुळ सावली देईल, तेव्हाच या राज्यात सावली पडेल."

झालं. छताखाली ऊन, छत्रीखाली ऊन. प्रधानजींनी छत्रीवर छत्री धरली, तरी टक्कल भाजलंच. कपडे घरातच वाळू लागले म्हणून धोबीण तेवढी खूश. पण राणी शेवंतेच्या जिवाला घोर लागला. कडेवर तान्ही लेक, गाल भाजून बोरासारखे झालेले. पाळणा बांधावा तरी कुठे?

तेव्हा कुंपणावरची साळुंकी बोलली, "राणीसाहेब, तीन कामं करा. मगरीच्या तळ्यातली माती आणून जखमेला लिंपा. राक्षसिणीच्या बांबूची काठी आणून रोपाला आधार द्या. तिसरं काम अवघड आहे, ते मागाहून सांगते."

राणी लेकीला पाठीशी बांधून निघाली. मगरीने जबडा उघडला, तर राणीने तिला विचारलं, दात शेवटचे कधी घासलेस. मगर लाजून बाजूला झाली. राक्षसिणीचं पोर सारखं किरकिरत होतं; राणीने त्याच्या पोटाला हिंग लावला, पोर झोपलं. राक्षसिणीने काठी तर दिलीच, वर वेशीपर्यंत पोचवायला आली.

माती लिंपली, काठी बांधली.

"आता तिसरं," साळुंकी म्हणाली. "सकाळी तांब्याभर पाणी घाला, आणि मग काही करू नका."

हेच राणीला जमेना. घटकेघटकेला जाऊन ती माती उकरून मुळं बघे. ताप आहे का म्हणून पानाला हात लावे. दृष्ट लागली असेल म्हणून तिने खोडाला काळा दोरा करकचून बांधला. तिचं बघून राजाने बांधला, प्रधानजींनी बांधला, आणि मन खात होतं म्हणून लाडोबानेही सोंडेने एक बांधला. बकुळ पिवळी पडली.

"अजून चार बांधा," साळुंकी म्हणाली, "म्हणजे सरपणाची मोळी तयार."

राणी रडली. पण रडलं म्हणून लेकीची आंघोळ काही चुकत नाही. तेल लावताना बघते तो कमरेवर करदोट्याचा वळ. बाळ वाढलं, दोरा तेवढाच. तिने गाठ सैल केली, आणि तिचा हात थबकला. लेकीला राजाच्या मांडीवर टाकून ती तशीच तेलकट हातांनी अंगणात धावली. दोऱ्यांखाली खोडाला खाच पडली होती. तिने एकेक दोरा कापला, काठीची गाठ बोटभर सैल केली, आणि दासीला म्हणाली, "माझे हात पदराने बांध. मी ओरडले तरी सोडू नकोस."

वारा आला, बकुळ डुलली. राणीचा जीव खालीवर झाला, दासी ढिम्म. त्या दिवसांत राजकन्येला राजाने न्हाऊ घातलं, ती कथा निराळी. डुलून डुलून खोड भरलं, जखमेच्या कडा मिटत आल्या, आणि पालवी फुटली. तिची वाटीएवढी सावली मातीवर पडली.

दासीने पदर सोडला. राणीने लेकीचं तोंड तेवढ्या सावलीत धरलं. लेकीने जांभई दिली, आणि राज्यातल्या साऱ्या सावल्या आपापल्या जागी येऊन बसल्या. धोबीण पुटपुटत कपडे घेऊन बाहेर निघाली.

तर बायांनो, ज्याच्या दारी कोवळं झाड असेल, त्याच्या कानावर एवढं घाला: काठी जरूर बांधा, पण गाठ सैल ठेवा.