नको म्हटलेला वर

विषय : बकुळीच्या वनात एका परीने देऊ केलेल्या वराबाबत.

उपरोक्त विषयी बालवाचकांना कळवण्यात येते की, त्या वनाच्या कडेला वेणू नावाची चिमुरडी आईजवळ राहत होती. आई तापाने फणफणलेली आणि चूल थंडगार. शेजारच्या गोजराकाकू वाफाळती पेज घेऊन आल्या, तर वेणू दारातूनच म्हणाली, "नको काकू, आमचं झालंय." कारण शेजारची वाटी रिकामी परत करू नये, आणि घरात वाटीत घालायला काहीच नव्हतं. आई मात्र उपाशी राहिली.

वेणू फुलं वेचायला वनात गेली. धुकं दुधासारखं पांढरं होतं. फांदीवरच्या कोळिष्टकात काहीतरी निळंजांभळं लुकलुकत होतं. इवलीशी परी! वेणूने अलगद तिचे पंख सोडवले.

"स्वतःसाठी एक वर माग," परी म्हणाली. "नियम एकच. बदल्यात काही द्यायचं नाही."

"नको, नको! कशाला उगाच!"

परीच्या छडीवरची चांदणी फट्‌कन विझली.

"अगं परीताई, तसं नाही! आमच्यात आधी नकोच म्हणतात. मग तू आग्रह करायचास!"

"आग्रह म्हणजे?"

परीराज्यात ही सोय नव्हती. वेणूचे डोळे भरून आले. "आईला पेज हवी होती गं."

"कुणी देत नव्हतं?"

"काकू देत होत्या. मीच नको म्हटलं."

परी तिच्या तळहातावर बसली. "मला सोडवताना तुला कसं वाटलं?"

"छान. गुदगुल्या झाल्यासारखं."

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

वेणूने मान वळवून काकूंच्या घराच्या दिशेने पाहिलं. परी हसली. "वर विझला खरा. मी वरिष्ठांकडे अर्ज करून बघते." सोनेरी उजेडाचा एक भोवरा फिरला आणि परी त्यात विरघळली.

वेणू धावत काकूंच्या दारात गेली. "काकू, पेज द्याल? वाटीत घालायला माझ्याकडे काही नाहीये."

"कार्टे, वाटीचं काय घेऊन बसलीस! पुन्हापुन्हा गरम करून पेजेची खीर झाली बघ!" काकू ओरडल्या आणि पदराने डोळे पुसत पातेलंच घेऊन निघाल्या.

आई पोटभर जेवली. संध्याकाळी तिला घाम फुटला, ताप उतरला.

परीचा अर्ज 'आग्रह या शब्दाचा अर्थ कळवावा' अशा शेऱ्यासह परत आला होता. अर्थ कळवण्यात आला आहे. निर्णय अद्याप प्रलंबित आहे.