गोग्रासाची पिशवी

"मग माझ्या अनुग्रहाचं काय, बुवा?"

सोपानबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या गोठ्यापुढे लोक गाईसाठी अन्न टाकून जात. भात, पोळ्या, वरण, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत आणि वर करकचून गाठ. बुवा गाठ सोडत, अन्न घमेल्यात काढत आणि पिशवी धुऊन भंगारवाल्याच्या पोत्यात टाकत.

विचारणारे होते मोरेश्वरपंत. गाईचा घास काढल्याशिवाय ते ताटाला हात लावत नसत. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की गावाला पाठ झाली होती.

"बसा पंत. चार गाठी सोडवा."

"हे गड्याचं काम. मी साधनेचं विचारतोय."

"हं..."

गोठ्यात चांदी गाय उभी होती. पोट टम्म फुगलेलं, चाऱ्याला तोंड लावत नव्हती. पोटात प्लास्टिकचा गोळा आहे, उद्या पोट फाडून काढावा लागेल, वाचेलच असं सांगवत नाही, असं डॉक्टर म्हणून गेले होते. बुवांनी तिला वासरू असल्यापासून वाढवलेलं. त्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता, पण हात थांबत नव्हते.

"गाय मलाही आईसारखीच," पंत म्हणाले. "आज अनुग्रह द्या. उद्यापासून दुप्पट गोग्रास आणतो."

बुवांनी पंतांच्या हातातली पिशवी घेतली. आत पुरणपोळी होती.

"तूप?"

"घरचं, साजूक."

"हात पाठीमागे बांधा."

पंतांना वाटलं, विधी सुरू झाला. त्यांनी हात मागे घेतले, डोळेही मिटले.

"घ्या, प्रसाद."

डोळे उघडले, तर नाकासमोर पिशवी. गाठीसकट.

"बुवा, गाठ तेवढी सोडा की."

"तुम्ही सोडा."

"हात..."

"राहू द्या मागेच."

पुरणाचा वास येत होता. पंत पिशवीकडे बघत राहिले. मग त्यांनी चांदीकडे पाहिलं.



पंतांचे हात आपसूक सुटले. ते खाली बसले, ढिगातली एक पिशवी ओढली आणि गाठीत नख घातलं. गाठ घट्ट होती. घरी आपणही अशीच मारतो, हे त्यांना कळत होतं.

"बुवा... तिच्या पोटातली पिशवी माझी असेल का हो?"

बुवांनी घमेलं त्यांच्याकडे सरकवलं.

"खाताना तिनं कधी विचारलं नाही, पंत, कुणाची आहे म्हणून."