बागेतली सहाशे तेरावी वस्तू

एका गावात एक भोळा गडी होता. रघबा त्याचं नाव. भोळा म्हणजे असा, की 'बसा हो जरा' म्हटलं की 'उठा' म्हणेपर्यंत उठायचा नाही. आता सांगा, असल्या माणसाला घरी कोण बोलावणार?

भजनी मंडळानं त्याला एकदा घेतलं होतं. "टाळ थांबू द्यायचा नाही," असं बुवा म्हणाले. झालं! आरती झाली, प्रसाद वाटून झाला, बुवा घरी जाऊन जेवले, तरी देवळात रघबाचा टाळ चालूच. मंडळानं त्याच्यापुढं हात जोडले. मग गणपती मंडळानं जोडले. मग तालमीनं. गावात हात जोडायचं कुणी बाकी राहिलं नाही.

"अहो, एका तरी ठिकाणी टिका," त्याची बायको अनुसया म्हणायची. "बाया नळावर विचारतात, तुमचे हे हल्ली कुठं असतात? काय सांगू मी?"

रघबालाही ते लागायचं. भोळा असला तरी माणूसच की तो.

गावाच्या वेशीशी एक बाग होती. आजही आहे, खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. संस्थानाच्या आईसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी लावलेली. मधोमध काळ्या दगडाचं कारंजं आणि भोवती बकुळीची झाडं. पण लक्ष द्यायला कुणी नाही. कारंजं खचलं, बकुळीखाली उकिरडा झाला. पंचायतीत ठरलं, बाग मोडा आणि दुकानांचे गाळे काढा.

तेव्हा मालनबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अर्धा गाव त्यांच्या छडीखालून गेलेला. "बाग आम्ही गावकरी नीट करतो. फुकट करतो," त्या म्हणाल्या.

तालुक्याच्या साहेबांनी बागेत येऊन फोटो काढला. म्हणाले, "दसऱ्याच्या आधी पुन्हा येईन. बाग दिसली तर बाग राहील. उकिरडा दिसला तर गाळे."

मग दर रविवारी वीस-पंचवीस माणसं बागेत राबायला लागली. शेवटपर्यंत टिकेल त्याला हिरवी टोपी मिळणार होती, 'बागेचे सोबती' असं लिहिलेली. रघबानं ती टोपी पाहिली आणि त्याचा जीव तिच्यात अडकला.

"बाई, मी येऊ?"

मालनबाईंनी त्याला चौथीत शिकवलं होतं. तीन वर्षं शिकवलं होतं. त्यांना दया आली. "ये. पण मी सांगेन तेवढंच करायचं. सांगेन तस्संच करायचं."

चूक झाली ती इथंच. आणि ती रघबाची नव्हती.

पहिल्या रविवारी बाई म्हणाल्या, "रघबा, या वाफ्यातलं तण काढ. आपण लावलेलं नाही ते सगळं उपटायचं."

रघबानं मान डोलावली. वाफ्याशी बसून विचार केला, आपण काय काय लावलंय? काहीच नाही. मग काम सोपंच झालं. दुपारी बाई येऊन बघतात तो तण गेलं, आईसाहेबांच्या वेळचा मोगरा गेला, आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटीसुद्धा मुळासकट आडवी पडलेली.

"बाई, सांगितलं तस्सं केलं."

"अरे मुला!" बाईंनी उपटलेला मोगरा उचलून घेतला. "शंभर वर्षांचा मोगरा तो! काही उपटायच्या आधी जुनं की नवं ते बघावं. बागेत जुनं ते सोनं. जुन्याला हात लावायचा नाही, दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही."

मोगरा पुन्हा लावला. तो हट्टी निघाला, जगला. रघबानं मात्र धडा तीनदा घोकला.

दुसऱ्या रविवारी बकुळीखालचा उकिरडा काढायचा होता. ट्रॅक्टर आला, माणसं टोपल्या घेऊन आली. बघतात तर रघबा काठी घेऊन उकिरड्यापुढं उभा.

"हात लावायचा नाही! तो स्टोव्ह माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथं आहे. ती एका पायाची चप्पल तर त्याहून जुनी. सोनं आहे हे!"

ट्रॅक्टरवाल्यानं समजावलं. तो ऐकेना. शेवटी ट्रॅक्टर रिकामा परत गेला.

"सांगितलं तस्सं केलं, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, सोनं वेगळं आणि घाण वेगळी! घाण जुनी असो की कालची, दिसली की काढायची. डाग दिसला की घासायचा. होतं तसं स्वच्छ झाल्याशिवाय थांबायचं नाही."

रघबानं हेही घोकलं.

त्याच आठवड्यात हणमंत गवंडी कारंज्याला भिडला. खचलेलं कारंजं त्यानं दगड दगड सोडवलं. चौऱ्याऐंशी दगड निघाले. कुठला दगड कुठं बसतो ते विसरायला नको म्हणून त्यानं प्रत्येकावर पिवळ्या रंगानं आकडा घातला. जुन्या बांधकामाची ही रीतच आहे. आकडे घालून हणमंत दोन दिवस सासुरवाडीला गेला.

परत येऊन बघतो तर चौऱ्याऐंशी दगड आरशासारखे लखलखताहेत. आकडा एकावरही नाही. शेजारी रघबा, हातात काथ्या, बोटं सोललेली.

"काय डाग होते हो, हणमंतराव! चिवट! पण एक सोडला नाही."

हणमंत मटकन खालीच बसला. नंतर अठरा दिवस तो आणि बाई एक दगड उचलायचे, एक लावून बघायचे, कपाळ बडवून घ्यायचे. कसंबसं कारंजं उभं राहिलं.

"हे बघ बाबा," हणमंत रघबाला म्हणाला, "आकडा कधी पुसायचा नाही. बागेतली वस्तू हलवलीस की तिच्यावर आकडा घालायचा. काम झालं की ती जिथली तिथं, होती तशी ठेवायची. समजलं?"

"समजलं! आकडा पुसायचा नाही. जिथली तिथं. होती तशी." रघबानं हातातल्या काथ्याची शपथ घेतली.

आणि काय सांगू, तो खरंच सुधारला! पुढच्या रविवारी ट्रॅक्टर आला तेव्हा अडवणं नाही, काठी नाही. नुसता पिवळा डबा आणि ब्रश. उकिरड्यातली वस्तू निघाली की तिच्यावर आकडा. स्टोव्ह एक. चप्पल दोन. बाटल्या तीनपासून पुढं. काँग्रेस गवतालाही आकड्याची चिठ्ठी बांधायचा. लोक म्हणाले, लिहू दे बापड्याला, कुणाचं काय जातंय? असे कितीतरी रविवार गेले आणि सगळं मिळून सहाशे बारा वस्तू ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात गेल्या. बाग अशी दिसायला लागली की म्हातारी माणसं काठी टेकत यायची आणि बकुळीखाली नुसती बसून राहायची.

साहेब रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी बाई म्हणाल्या, "रघबा, मला घरी स्वयंपाकाचं बघायचंय. आज बाग तुझ्या भरवशावर. सगळं जिथल्या तिथं आहे ना, तेवढं बघ."

रघबानं बागेत नजर टाकली. काहीच जिथल्या तिथं नव्हतं! बिचाऱ्यानं भावाची बैलगाडी जुंपली.

रविवारी दहाला बाई साहेबांना घेऊन फाटकातून आत आल्या. आल्या आणि त्यांना घेरीच आली. बकुळीखाली स्टोव्ह. त्याच्याशेजारी चप्पल. वाटेवर बाटल्या. काँग्रेस गवत तर ओळीनं लावून वर पाणी शिंपडलेलं.

साहेबांनी खिशातून जुना फोटो काढला. एकदा फोटोकडं बघितलं, एकदा समोर.

"फोटोत स्टोव्ह डावीकडं कललेला आहे," ते म्हणाले. "इथंही डावीकडंच. सहा महिने तुम्ही केलं काय?"

"मोजून घ्या, साहेब!" रघबा पुढं आला. "एक ते सहाशे बारा. एक वस्तू इकडची तिकडं नाही."

बाईंना रडू आलं. रडत रडतच त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी एक बाटली उचलली, आकडा बघितला. दुसरी उचलली. मग वर बघितलं, तर कारंजं थुईथुई नाचत होतं. साहेबांना जे हसू फुटलं ते थांबेचना. पोट धरून ते कट्ट्यावर बसले.

"संध्याकाळपर्यंत हे परत काढा," ते डोळे पुसत म्हणाले. "मी इथंच बसतो."

गाव लोटला. शाळेतली पोरं आली, पंचायतीचे लोकसुद्धा लाजून आले. दिवस मावळायच्या आत बाग लख्ख झाली. साहेबांनी बॅगेतून कागद काढला, बाग राखली जाईल असं त्यावर होतं, आणि खाली निळ्या शाईनं सही ठोकली. मग त्यांना गंमत सुचली. रघबाचा ब्रश घेऊन त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पिवळा आकडा घातला. सहाशे तेरा.

"ही सगळ्यांत मोलाची वस्तू. जपा."

हिरवी टोपी साहेबांनी स्वतःच्या हातानं रघबाच्या डोक्यावर ठेवली. अनुसया पदरानं डोळे टिपत होती. आता नळावर काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं. बाईंचंही मन भरून आलं. त्या म्हणाल्या, "रघबा, हा कागद आज तुझ्याकडं राहू दे. उद्या काच बसवून भिंतीला लावू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई चौकट घेऊन बागेत आल्या. रघबा नुकताच पोचत होता. पाय धुळीनं माखलेले, डोक्यावर टोपी, चेहरा कसा फुललेला.

"रघबा, कागद कुठाय?"

"काळजीच नको, बाई. पहाटे निघालो, चार कोस चालत तालुक्याला गेलो. साहेब नव्हते, पण शिपायाला विचारून त्यांच्या बॅगेत ठेवून आलो. जिथला तिथं."

बाईंनी बकुळीचा आधार घेतला. "असू दे," त्या कशाबशा म्हणाल्या. "सही तर झालीय. परत आणता येईल."

"सही कसली? तो खालचा निळा डाग होय?" रघबा हसला. "कालचाच होता, पण डाग तो डाग. ओल्या बोटानं हळूहळू घासला, कागद फाटू दिला नाही. आता कागद कसा, होता तस्सा!"

बाईंनी रिकामी चौकट बकुळीला टेकवून ठेवली. रघबाला वाटलं, बाई अजून काळजीत आहेत. तो जवळ सरकला आणि त्यांना धीर देत म्हणाला,

"आकडा मात्र पुसला नाही हं, बाई. तेवढं आता मला कळतं."