पेटीतली तलवार

एकदा एक आचार्य जपानच्या दक्षिणेकडील एका बेटावर, समुद्रालगतच्या देवळात राहत होते. शिओ नावाची मुलगी त्यांच्याकडे अध्ययनाला येई. ती पाणबुड्या बायकांच्या घरातली. तिची आई आणि ताई कमरेला दोर बांधून खोल पाण्यात उतरत आणि खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले सुरीनं उचकटून आणत. शिओला मात्र पाण्याची धास्ती. लाट जरा जोरात फुटली तरी तिच्या हातातला कुंचला निसटे.

त्या हिवाळ्यात बेटासमोरच्या समुद्रात राजगादीसाठी घनघोर युद्ध झालं. हरणाऱ्या पक्षाचा राजा अगदी लहान मूल होता. शत्रूची जहाजं येऊन भिडली, तेव्हा त्याच्या आजीनं त्याला कडेवर घेतलं, घराण्याची पवित्र तलवार कमरेला खोचली आणि उडी टाकली.

त्या देशाची श्रद्धा अशी, की सूर्यदेवीनं आपल्या नातवाला पृथ्वीवर धाडताना आरसा, रत्न आणि तलवार दिली. ही तिन्ही ज्याच्यापाशी तो राजा, आणि राजा म्हणजे प्रत्यक्ष देव. वस्त्रांत गुंडाळून पेटीत ठेवलेल्या या वस्तू उघडून पाहण्याचा अधिकार खुद्द राजालाही नव्हता. विजेत्यांच्या हाती आरसा लागला, रत्न लागलं. तलवार तेवढी बुडाली.

"तलवार मिळेपर्यंत एकीनंही काठावर बसायचं नाही," विजेत्यांच्या सरदारानं पाणबुड्या बायकांना फर्मावलं.

थंडीनं पाणी अंगाला कापत होतं. काही दिवसांतच शिओच्या आईला दोरानं ओढून वर काढावं लागलं; तिचा श्वास परत आलाच नाही. तिच्या वाट्याच्या बुड्याही ताईवर आल्या. ताईच्या कानांतून रक्त येऊ लागलं.

"मासे बरे सापडतात गं तुम्हाला, तलवार तेवढी नाही!" एका शिपायानं टोमणा मारला.

"मासा निदान हलतो तरी, सरकार," ताई म्हणाली आणि पुन्हा बुडी मारली.

शिओ धावत देवळात आली. "आचार्य, काहीतरी करा. ताई आता उद्याचा दिवस काढत नाही." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणि त्या बुडालेल्या पोराला कुणीच कसं शोधत नाही हो?"

 आचार्य म्हणाले, "तुझ्या आईची सुरी घेऊन ये."

शिओला काही उमगेना, पण तिनं सुरी आणली. आचार्यांनी ती तलवारीएवढी लांब भासावी म्हणून मोडक्या वल्ह्याच्या तुकड्याला बांधली, देवळातल्या जुन्या रेशमी वस्त्रांत थरावर थर देत गुंडाळली, पेटीत ठेवली, गाठ मारली आणि पेटी मस्तकावर घेऊन ते सरळ सरदारापुढे जाऊन गुडघ्यांवर बसले. मागे शिओही बसली.

"मिळाली?" सरदार उठून उभा राहिला. "कुणी पाहिली?"

"जिनं वर आणली तिनं, सरदार. ती जिवंत नाही."

सरदाराचा हात गाठीकडे गेला. हात गाठीपाशी थबकला आणि मागे आला. सरदारानं नजर खाली घातली, पाठोपाठ सगळ्या शिपायांनीही. त्याच दुपारी जहाजं निघून गेली आणि ताईच्या कमरेचा दोर सुटला.

परत येताना शिओला रडू फुटलं. "कुणी उघडली म्हणजे? आपल्याला जिवंत जाळतील!"

"उघडणार कोण, पोरी? जो उघडेल, त्याला आधी कबूल करावं लागेल की आपण देवाकडे पाहिलं." आचार्य वाटेतल्या खडकावर टेकले. "ती तलवार एका सर्पाच्या शेपटीतून निघाली, असं पुराण सांगतं. तो सर्प दरवर्षी एक मुलगी खात असे. तो मेला म्हणतात. मला वाटतं, त्याची भूक तेवढी तलवारीत उरली, आणि ती भूक आपणच पोसतो, माना खाली घालून. लोखंड कुठलंही चालतं. आज मी तुझ्या बहिणीला त्या तोंडातून ओढून काढलं. तोंड मला मिटवता आलं नाही."

वसंतात नवा राजा गादीवर बसला आणि लगोलग दूरच्या बेटांवर स्वारी निघाली. आरमार याच बंदरातून सुटणार होतं. आघाडीला पालखी, पालखीत पेटी. काठावरची गर्दी गुडघ्यांवर आली. शिओच्या शेजारी एक बाई डोळे पुसत होती.

"आता नाही बाई काळजी," ती म्हणाली. "माझ्या लेकाबरोबर देवाची तलवार आहे."

शिओचं तोंड उघडलं. तिनं आचार्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. पलीकडे ताई गुडघ्यांवर होती, एका कानानं कायमची बहिरी झालेली. एक शब्द उच्चारला तर जहाजं थांबणार नव्हती. फक्त ताई पुन्हा पाण्यात जाणार होती. शिओनं शब्द गिळला.

पालखी समोर आली. ज्या सुरीनं आईनं दोन मुलींचं पोट भरलं, तिच्या नावानं हजारो मुलगे समुद्रावर चालले होते. शिओनं सगळ्यांहून खाली, कपाळ वाळूला टेकेपर्यंत मान लववली, आणि तिला हुंदका आवरेना.

शेजारच्या बाईला वाटलं, पोरीची भक्ती मोठी.