उभी मान, आडवी मान

कोकणात समुद्रकाठच्या एका गावात रवळू नावाचा एक भोळा माणूस होता. तसे गावात भोळे बरेच होते. पण बाकीचे सोयीपुरते भोळे होते. रवळू मात्र सोमवार ते रविवार भोळा होता.

त्याला जे सांगावं ते तो करायचा. तेवढंच करायचा आणि अगदी तसंच करायचा. गिरणीवाल्याने त्याला कामावर ठेवलं आणि बजावलं, "पीठ सांडता कामा नये." रवळूने दिवसभर गिरणी सुरूच केली नाही. संध्याकाळी छाती फुगवून म्हणाला, "चिमूटभर सांडूक नाय!" मग एका यजमानाने त्याला लग्नाची पत्रिका दिली. "दामल्यांच्या हातातच दे हां." दामले गेले होते मुंबईला. रवळूही गेला मुंबईला. चौथ्या दिवशी पत्रिका पोचवून परत आला, तोवर गावात मांडव उतरवत होते.

त्याची बायको भामा शहाणी होती आणि तिचा नवऱ्यावर जीवही होता. पण शहाणपणालाही मर्यादा असते. एके दिवशी तिने ट्रंक भरली.

"तुमच्याबरोबर हसाक माका आवडता," ती म्हणाली. "पण गाव आमका हसता, ता नाय आवडना. एका जागेर म्हयनोभर टिकून दाखवा. मगे मी आपणहून येतलंय."

भामा माहेरी गेली. रवळूने दोन दिवस चूल पेटवली नाही, कारण चूल पेटव असं सांगायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि द्वारकाकाकींच्या दारात जाऊन उभा राहिला.

द्वारकाकाकींनी एसटीच्या थांब्यासमोरचं आपलं घर परदेशी पाहुण्यांसाठी उघडलं होतं. पाठीवर पोतडी टाकून जगभर हिंडणारी तरुण पोरं तिथे स्वस्तात उतरायची. काकींच्या पाटीवर 'होस्टेल' लिहिलं होतं. गाव त्याला 'खाटांचं घर' म्हणायचं, कारण तिथे खाटेवर खाट होती. रवळूची कथा ऐकून काकींना दया आली.

"ऱ्हव म्हयनोभर," त्या म्हणाल्या. "पावण्यांका जेवाक वाढ. आणि आग्रह कर. पावणो नको म्हणतलो, आपण ऐकूचा नाय."

"ऐकूचा नाय," रवळूने मनाशी गाठ बांधली.

पहिला पाहुणा होता हॉलंडचा याप. इतका उंच, की दारातून यायचा तो नमस्कार केल्यासारखा वाकून. पाहुण्यांच्या सोयीसाठी काकींनी भिंतीवर चार मराठी शब्दांचा कागद अर्थासकट, इंग्रजी अक्षरांत लावला होता: हो, नको, पाणी, बस्स. रवळूने यापला चार घावणे वाढले. यापने खाल्ले. पाचवा आला तेव्हा याप म्हणाला, "नको." रवळूने सहावा वाढला. "बस्स," याप म्हणाला. सातवा आला. पानात टाकायचं नाही, असं यापच्या आईने त्याला लहानपणी शिकवलं होतं, त्यामुळे तो बिचारा खात राहिला. शेवटी त्याने कागदावरचे चारही शब्द म्हणून पाहिले. रवळूने 'पाणी'ला पाणी दिलं, 'हो'ला दोन घावणे दिले आणि उरलेले दोन शब्द ऐकलेच नाहीत.

चौदा घावण्यांनंतर याप दोन दिवस खालच्या खाटेवर पडून होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला की आमच्याकडे नको म्हणजे नको असतं.

काकी रवळूवर कडाडल्या. "मेल्या, माणूस मारशीत! एकदा नको म्हटल्यानी की पुढ्यातला उचलूचा आणि निघाचा. समजला?"

"उचलूचा आणि निघाचा," रवळू म्हणाला.

मग आली परवीन. ती इराणची, पण पुण्यात चार वर्षं शिकत होती, त्यामुळे मराठी झकास बोलायची. रवळूने तिच्यापुढे भात, सोलकढी आणि माशाचं कालवण ठेवलं. रात्रभराच्या प्रवासाने तिच्या पोटात कावळे ओरडत होते. पण घरचे संस्कार घरचे असतात. तिने छातीवर हात ठेवला आणि गोड हसून म्हणाली, "छे छे, कशाला उगाच त्रास! नको."

रवळूने ताट उचललं आणि निघाला.

दुपारी चहा आला. "नको हो, राहू द्या," परवीन म्हणाली. चहा गेला. रात्री भाकरी आली. "नको," असं म्हणताना तिचा आवाज जरा कापला. भाकरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींना ती स्वयंपाकघरात, हातात कच्चा बांगडा घेऊन विचारात पडलेली सापडली.

"काकी, आमच्याकडे दोनदा नको म्हणायची रीत आहे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं. हे दादा एकदाच विचारतात आणि पळतात!"

काकींनी तिला पोटभर जेवू घातलं आणि रवळूला अंगणात बोलावलं. "तीनदा इचारूचा! पयल्या खेपेचा मनावर घेऊचा नाय. तिसऱ्या खेपेक काय म्हणतत ता खरा."

"तिसऱ्या खेपेक," रवळू म्हणाला आणि बोटावर मोजून पाहिलं.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. रवळू सगळ्यांना सगळं तीनदा विचारायचा. पाहुण्यांना वाटलं ही इथली प्रार्थना असावी. पुढे ब्राझीलचा मातेउस आला. हा पोरगा एका जागी बसेल तर शपथ. आल्या दिवशीच तो मागच्या आंब्यावर चढला आणि लाल मुंग्यांच्या घरट्यात त्याचा हात गेला. मुंग्यांनी त्याचं स्वागत केलं. तो एका फांदीला लोंबकळून बोंबलायला लागला.

रवळू धावत आला. वर बघून म्हणाला, "शिडी आणू?"

"हो! हो!" मातेउस ओरडला. भिंतीवरच्या कागदाचा त्याला उपयोग झाला.

रवळू मनात म्हणाला, ही पहिली खेप. मनावर घ्यायची नाही. "शिडी आणू?"

"हो हो हो!" मातेउसची मान बुजगावण्यासारखी डोलत होती.

"बघ हां, आता तिसऱ्यांदा इचारतंय. नीट इचार करून सांग. शिडी आणू?"

मातेउसने नीट विचार केला की नाही कळलं नाही, कारण तोवर तो खाली शेणाच्या खड्ड्यात पोचला होता. हाड मोडलं नाही. पण पुढचे तीन दिवस त्याच्या वरच्या आणि खालच्या खाटेवर कुणी झोपेना.

"अरे माझ्या कर्मा!" काकींनी कपाळ बडवलं. "तो मान डोलवून डोलवून होय म्हणा होतो, ती दिसली नाय तुका? तोंडाचा सोड. मान बघ, मान! मान कधी खोटा बोलना नाय. आणि आता एक चूक झाली तर घराक!"

रवळू हबकला. महिना भरायला दहाच दिवस उरले होते. भामाच्या माहेरून निरोपही आला होता: महिना भरेल त्या गुरुवारी दुपारच्या एसटीने येतो, जावईबापू टिकलेले दिसले तर लेकीला सोडून जातो. त्या दिवसापासून रवळू माणसांच्या तोंडाकडे बघेनासाच झाला. फक्त मानेकडे बघायचा.

आणि त्या गुरुवारच्या आधीच्या मंगळवारी बल्गेरियाचा पेत्को आला. भला माणूस. छातीवर रुळणारी दाढी, सात वर्षं जपलेली. मराठीचं अक्षर येत नव्हतं, आणि कागद वाचायचा त्याने कंटाळा केला. उकाड्याने तो सारखी दाढी खाजवत होता. रवळूला कीव आली. त्याने बोटांची कात्री करून दाखवली आणि दाढीकडे बोट केलं. "काढू?"

पेत्को दचकला. त्याने घाईघाईने मान वर-खाली केली.

मान कधी खोटं बोलत नाही. जेवून पेत्को माडांमधल्या झोळीत घोरायला लागला, तसा रवळूने गावच्या न्हाव्याला बोलावून आणलं. पेत्को जागा झाला तेव्हा डावीकडची दाढी होती, उजवीकडची नव्हती.

आरडाओरडा ऐकून सगळं घर गोळा झालं. काकींचा संताप अनावर झाला. "बास झाला! आजच काढतंय ह्याका!" त्या पेत्कोकडे वळल्या, रवळूकडे बोट केलं आणि मग फाटकाकडे. "काढू ना?"

पेत्कोने मान वर-खाली केली. एकदा नाही, चार-पाचदा.

"बघ! तो सुद्धा होय म्हणता."

 रवळूने खुंटीवरचा सदरा काढला. गुरुवार परवावर आला होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून परवीनचं काळीज हललं. ती पेत्कोशी इंग्रजीत चार शब्द बोलली आणि तिने एकदम टाळी वाजवली.

"काकी, थांबा! यांच्या देशात मान उलटी आहे. उभी हलली म्हणजे नाही, आडवी हलली म्हणजे हो. ते मघापासून सांगतायत, याला काढू नका!"

"मगे ठेवू?" काकींनी विचारलं. पेत्कोने मान डावी-उजवीकडे हलवली आणि अर्ध्या दाढीतून हसला. न्हाव्याने उरलेली अर्धी काढली.

रवळूची नोकरी वाचली.  आजवर त्याला बरेच जण बरंच शिकवून गेले होते, पण एवढं उपयोगी कुणी शिकवलं नव्हतं. रात्री झोपेतही तो पुटपुटत होता, "उभी म्हणजे नाय. आडवी म्हणजे होय."

गुरुवार उजाडला. महिना भरला. दुपारी एसटी थांबली. तीच गाडी दहा मिनिटांत माघारी फिरायची. आधी सासरे उतरले, मग ट्रंक, मग भामा. ती नवीन लुगडं नेसली होती आणि केसांत अबोलीचा वळेसर होता. याप, मातेउस, परवीन आणि बिनदाढीचा पेत्को असे सगळे फाटकाशी ओळीने उभे होते. एवढ्या माणसांपुढे, तेही बापासमोर, भामा काय बोलणार! तिने पदर दातांत धरला.

काकींनी छातीठोक सांगितलं, "म्हयनो टिकलो हो तुमचो जावय!"

सासरे खूश झाले. "जावयबापूनू, आता तुमीच इचारा तिका."

 आज रवळूची कुठेच चूक व्हायला नको होती. म्हणून त्याने शिकलेलं सगळं एकदम वापरायचं ठरवलं.

"भामा, येतंस नांदाक?"

भामा लाजली. तिने मान उभी हलवली.

उभी म्हणजे नाय, रवळू मनात म्हणाला. पण ही पहिलीच खेप होती. "येतंस?"

भामाने जरा जोरात मान हलवली. उभी.

"तिसऱ्यांदा इचारतंय हां. येतंस?"

एवढं प्रेमाने तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. भामाचे डोळे भरून आले. तिने तीन वेळा मान हलवली. उभी, उभी आणि उभी.

तिसऱ्या खेपेचं खरं. मान खोटं बोलत नाही. आणि एकदा नको म्हटलं की पुढ्यातलं उचलायचं. रवळूने हुंदका गिळला, भामाची ट्रंक उचलली आणि एसटीत नेऊन ठेवली.

"जशी तुझी मर्जी," तो म्हणाला.

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "इतक्या माणसांत माझ्या चेडवाक परत धाडल्यानी!" त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिला ओढत गाडीत चढवलं. भामाला काय झालं ते कळेचना. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. खिडकीत भामाने कपाळाला हात लावला आणि या माणसापुढे काय करावं म्हणून मान हलवत राहिली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

रवळूचा चेहरा एकदम उजळला. "काकी, काकी! आता ती होय म्हणता!"

"मगे धाव मेल्या!" काकी किंचाळल्या.

रवळू जागचा हलला नाही. त्याने एक बोट दुमडलं.

"ही एक खेप झाली काकी. अजून दोनदा सांगा."

काकी मटकन खाली बसल्या आणि उरलेल्या दोन खेपा तशाच राहिल्या. एसटी वळणाआड गेली. कधी त्या वाटेने गेलात तर थांब्याकडे बघा. रवळू अजून तिथे एक बोट दुमडून उभा आहे. तुम्ही त्याला धाव म्हणालात, तरी आणखी एक खेप उरेलच.