उठलेल्याला पान नाही

लोक वर्षे मोजू लागले, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. एका नगरात राजाचे अन्नछत्र होते. ज्याच्या हाताला काम नाही, त्याने तिथे पानावर बसावे आणि पोटभर जेवावे. धुरपा नावाची एक विधवा म्हाताऱ्या सासऱ्याचा हात धरून रोज तिथे येई.

राजाला ती लांबच लांब पंगत बघवेना. त्याने हुकूम काढला, "प्रत्येकाला काम द्या. काम मिळाले की त्याने घरच्यांसह पानावरून उठावे. आणि एकदा उठलेला माणूस पुन्हा पानावर बसत नाही, ही तर आपली रीतच आहे."

धुरपाला काम मिळाले ते अन्नछत्रासाठीच पळसाच्या पत्रावळी लावायचे. ती उठली तेव्हा ताशा वाजला. राजाने स्वतः तिच्या हाती नारळ दिला.

सासरा पुटपुटला, "सूनबाई, नारळ कामावर घेताना देतात की काढताना?"

"तुमची जीभ काही म्हातारी होत नाही, मामंजी," ती हसून म्हणाली. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी त्यांच्या घरात भाकरीचा वास दरवळला.

जितक्या पत्रावळी, तितकी ज्वारी, असा करार होता. पण रोज कुणी ना कुणी पानावरून उठत होते. पंगत आखूड झाली, तशा पत्रावळीही कमी लागू लागल्या. बाळांनो, धुरपाने आळस केला नव्हता. पाने टाचायच्या बांबूच्या चोया टोचून तिची बोटे रक्ताळली होती. तरी घरात भाकरीच्या जागी कण्या आल्या आणि कण्यांच्या जागी पेज.

"तुम्ही घ्या, मी कामावर जेवून आले," ती सांगे.

"उठलेल्यांना वाढतात होय तिथे?" म्हातारा विचारी. ती चुलीकडे तोंड फिरवी.

एके दिवशी कारभारी म्हणाला, "बाई, उद्यापासून येऊ नका. आहेत त्या पत्रावळी पुरतील."

ती सासऱ्याला घेऊन अन्नछत्राच्या दाराशी गेली. "मला नको, पण यांना तरी बसू द्या."

द्वारपालाने मान खाली घातली. "ताशा वाजवून उठलात तुम्ही. उठलेल्याला पान नाही. मी तरी काय करू?"

म्हाताऱ्याने तिचा हात ओढला. "चल, सूनबाई. कष्ट करणाऱ्या बाईच्या घरचा माणूस मी. मागत कशाला बसू?"

सुगी यायच्या आत म्हातारा गेला. त्याला पोचवून धुरपा नगराबाहेर पडली, ती कुठे गेली हे कुणाला कळले नाही. कुणी विचारलेही नाही.

पुढे राजा अन्नछत्र पाहायला आला. सारवलेल्या ओसरीवर एकही माणूस नव्हता. "पाहा, माझ्या राज्यात आता कुणी भुकेले उरले नाही," तो म्हणाला. त्याने दाराला टाळे लावले आणि नगरात साखर वाटली.

तात्पर्य: पंगत रिकामी झाली म्हणून भूक सरत नाही, ज्याला पानावरून उठवले, त्याच्या घरी चूल पेटते का, हेही उठवणाऱ्याने पाहावे.