कोणाच्या दाराशी जाल?

एकदा एका आचार्यांनी आपल्या शिष्याचा धडधाकट उजवा हात उपरण्याच्या झोळीत बांधला, झोळीची गाठ त्याच्या मानेमागे घट्ट आवळली आणि म्हणाले, "आता असाच गावात जा."

शिष्याचे नाव यदुनाथ. तो बुद्धीने तल्लख होता, आणि आपण तल्लख आहोत हे त्याला ठाऊकही होते. आदल्या दिवशीच त्याने एक काम फत्ते करून आणले होते. आचार्य राहत ते गाव नदीकाठचे आणि संपन्न होते. तिथे नवा दगडी घाट बांधला जात होता आणि त्यासाठी दूर दक्षिणेकडून पाथरवटांच्या टोळ्या आल्या होत्या. नदीच्या वाळवंटात त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, पोरे तिथेच जन्मली, तरी गाव त्यांना 'घाटावरचे लोक' असेच म्हणे. मागचा उन्हाळा कठीण गेल्यामुळे नगरशेठांनी गावासाठी धान्याचे कोठार बांधायचे ठरवले. त्यांनी आचार्यांना विनंती केली, "उद्या दिवस फिरले तर या गावात कोणावर उपासाची पाळी येईल, तेवढं शोधून द्या. म्हणजे कोठार कोणासाठी भरायचं ते कळेल."

आचार्यांनी यदुनाथाला पाठवले. तो घरोघर फिरला. छपरे पाहिली, कणग्या पाहिल्या, चुलीवर काय शिजते तेही पाहिले आणि परतून म्हणाला, "आचार्य, भिण्यासारखं काही नाही. तांबट आळीतला रखमाजी घ्या किंवा वाळवंटातला हनुमप्पा घ्या. एक गावचा, एक बाहेरचा. पण दोघांच्या घरी भाकरी आहे, आणि पोटभर आहे."

"त्या घरांत कोणाशी बोललास?"

"कर्त्या पुरुषाशी. आणखी कोणाशी बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याचा हात बांधला. "त्याच दोन घरी जा. पण या वेळी घराला विचारू नकोस, माणसाला विचार. बाईला वेगळं, पुरुषाला वेगळं. म्हणावं, उद्या तुमचा हात असा झाला आणि घरची चूलही थंड पडली, तर कोणाच्या दाराशी जाल? आणि हाताला काय झालं असं कोणी विचारलं, तर खरं ते सांग."

यदुनाथाला मोठा संकोच वाटला. पण गुरूची आज्ञा होती. तो निघाला.

रखमाजी तांबट घंगाळ ठोकत बसला होता. झोळी पाहून त्याने हातोडा खाली ठेवला. "काय हो शास्त्रीबुवा, पडलात की काय?"

"हात बरा आहे. गुरुजींनी बांधलाय." यदुनाथाने प्रश्न सांगितला.

रखमाजी मनापासून हसला. "अहो, कोणाच्या दाराशी जाऊ हा प्रश्नच नाही. माझ्या दाराशी कोण कोण येईल ते विचारा! थोरला भाऊ पलीकडच्या घरात. मामा वेशीजवळ. आळीतल्या चार तांबटांनी चार भांडी ठोकून दिली तरी माझा महिना निघेल. वाणी माझ्या बापापासूनचा ओळखीचा. मला काय धाड भरलीय?"

त्याची बायको येसाई अंगणात चिंचेने तांब्याची भांडी उजळत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती तेच करी, आणि तिच्या हाताची लकाकी पाहूनच गिऱ्हाईक भांडे उचले. प्रश्न ऐकून तीही आधी हसली. "माझं माहेर मागच्याच आळीत आहे की!" मग हातातला तांब्या घासता घासता तिचा हात थांबला. ती हळू आवाजात म्हणाली, "पण भाऊ, माहेरी पाहुणी म्हणून जाता येतं. भाकरी मागायला नाही जाता येत. भावजय एक दिवस वाढेल, दोन दिवस वाढेल. हे घर यांचं, दुकान यांचं. मी दिवसभर राबते, पण माझं म्हणून काय आहे? आजवर कोणी विचारलंच नाही, म्हणून मीही कधी मनात आणलं नाही."

यदुनाथ वाळवंटात आला. हनुमप्पा एका पायरीचा दगड छिन्नीने घडवत होता. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला. "गावात माझं कोण? कोणी नाही. पण टोळी आहे. आमच्यात कोणाला दगड लागला तर बाकीचे त्याच्या वाटणीचं काम करतात. टोळीचा नायक भाकरी देतो. अगदीच झालं तर टोळीच मला आमच्या मुलखात पोचवेल. चालायला कष्ट पडतील, पण पोचेन."

"आणि तुमच्या घरच्या बाई?"

"तुंगव्वा? ती तिकडं चुना मळायच्या घाण्यावर आहे. तिलाच विचारा."

तुंगव्वा डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन उतारावरून येत होती. कोपरापर्यंत पांढरी झालेली. पाटी उतरवून तिने कंबर सरळ केली आणि यदुनाथाचा बांधलेला हात पाहून म्हणाली, "सामी, खोटं बांधलंय. दुखऱ्या हाताची बोटं अशी हलत नाहीत."

यदुनाथ ओशाळला. त्याने सगळे सांगितले. मग विचारले, "टोळी तुम्हाला सांभाळेल ना?"

"टोळी पुरुषांची. बाई पाटी उचलते तोवर तिची भाकरी. परवा एकीला ताप आला, तर नायक तिच्या नवऱ्याला म्हणाला, हिला मुलखात धाड, जागा अडते."

"मग माहेर?"

"दोन मोठ्या नद्या ओलांडल्या की माझं माहेर. आई आहे की नाही तेही ठाऊक नाही."

"गावात कोणी मैत्रीण?"

"गावात माझं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. चुनेवाली म्हणतात."

"मग कोणाच्या दाराशी जाल?"

तुंगव्वाने पदर खोचला. मग मान ताठ करून म्हणाली, "कोणाच्या नाही. माझा दुसरा हात आहे ना!" आणि तिने पाटी उचलली.

यदुनाथ भारावून परतला. "आचार्य, आज मी एक तेजस्विनी पाहिली! बाकी तिघांनी या ना त्या दाराकडे बोट दाखवलं. तिला कोणाची गरज नाही. कोठार कोणासाठी असेल तर असो, तिच्यासाठी मात्र नको."

आचार्यांनी त्याची झोळी सोडली. मग शांतपणे म्हणाले, "यदुनाथा, तुला तेज दिसलं हे चांगलं झालं. पण तेज म्हणजे आधार नव्हे. दारिद्र्याचं भय मोजताना आज ताटात काय आहे एवढंच पाहू नये. माणूस पडला तर खाली काय आहे, ते पाहावं. रखमाजी पडला तर माणसांच्या हातांवर पडेल. हनुमप्पा टोळीच्या घोंगडीवर पडेल. येसाई पडेल ती दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. आणि तुंगव्वा पडली तर उघड्या दगडावर. बाईपणाचं एक ओझं आणि परकेपणाचं दुसरं, अशी बेरीज इथे नाही. ती दोन ओझी एका डोक्यावर आली की एकमेकांना जड करतात. बायांचा म्हणून जो माहेरचा आधार असतो, तो तिचा नद्यांपलीकडे राहिला. परक्यांचा म्हणून जो टोळीचा असतो, तो पुरुषांनी आपसात वाटून घेतला. तू चुली मोजल्यास, तेव्हा हे चौघेही सारखेच दिसले. तिच्या धीराला नमस्कार कर. पण तिला धीर आहे म्हणून आपण निश्चिंत झालो, तर तो आपला आळस होईल."

यदुनाथाने सुटलेल्या उपरण्याची घडी घातली. मग म्हणाला, "हे सभेत मी सांगेन. चूक माझी होती, दुरुस्तीही माझ्याच तोंडून व्हावी."

घाटाच्या नव्या पायऱ्यांवर सभा भरली. नगरशेठांनी नियम वाचला, की कोठारात गावच्या प्रत्येक घराचा हक्क, आणि तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने. यदुनाथ उठला आणि चारही माणसांची उत्तरे त्याने होती तशी सांगितली. शेवटी म्हणाला, "हक्क घराला नको, माणसाला द्या. बाईला तिच्या नावाने आणि घाटावरच्यांनाही."

कुजबुज झाली. नगरशेठ वाईट माणूस नव्हते, पण व्यवहारी होते. "बाहेरचे लोक आज आहेत, उद्या नाहीत. त्यांना फुकट धान्य कोणत्या हिशेबाने द्यायचं?"

तेव्हा मागून तुंगव्वा उभी राहिली. अंगावर चुना तसाच होता. "शेठ, फुकट कोणी मागितलं? तुम्ही बसलात त्या पायरीचा चुना मी वाहिलाय. कोठाराचाही मीच वाहीन. सुगीला सगळे टाकतील तेवढं धान्य मीही टाकीन. पण माझ्या नावानं. भीक दिलीत तर घेणार नाही. वाटा दिलात तर सोडणार नाही."

मग बायकांच्या बाजूने बांगड्या वाजल्या. येसाई उठली होती. नवऱ्याकडे न पाहता ती म्हणाली, "माझंही नाव वेगळं घाला. घरचं म्हणून नको, माझं म्हणून."

सगळ्यांचे डोळे रखमाजीकडे वळले. तो गोंधळला, त्याने मिशीवरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, "बघता काय? घाला की! माझ्या दुकानातली लकाकी तिचीच आहे."

हशा पिकला, आणि त्या हशातच नियम बदलला. सुगीला प्रत्येकाने आपापल्या नावाने धान्य टाकावे आणि अडीअडचणीला आपापल्या नावाने घ्यावे, मग तो जन्माने गावचा असो वा नसो, बाई असो वा बाप्या.

पुढच्या वर्षीची गोष्ट. पावसाने दगा दिला, घाटाचे काम थांबले आणि हनुमप्पासकट पुरुषांची टोळी काम शोधत पुढे गेली. तुंगव्वा मात्र जाऊ शकली नाही. ती बाळंत झाली होती. ओली बाळंतीण, तरी तान्ह्याला छातीशी बांधून ती कोठाराशी आली. तिथे यदुनाथ माप घालत होता. रांगेतल्या कोणी नव्याने आलेल्याने विचारले, "ही कोण? इथली दिसत नाही."

यदुनाथ उत्तर देणार, तोच रांगेतून येसाई म्हणाली, "तुंगव्वा ती. कोठाराची भागीदारीण."

तुंगव्वाने पदर पसरला नाही, स्वतःचे टोपले पुढे केले. यदुनाथाने माप ओतले. तिने टोपल्यात पाहिले आणि म्हणाली, "सामी, शीग बसली नाही, माप काठोकाठच आहे."

त्याने हसून आणखी एक ओंजळ घातली. तिने टोपले डोक्यावर चढवले आणि ती वाळवंटाच्या उतारावरून सावकाश, ताठ चालत गेली. आचार्य कोठाराच्या सावलीत बसून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता. तो तिचा होता, शिष्याचा होता आणि थोडा गावाचाही होता.

कोणी गरिबी मोजायला निघालेच, तर त्याने घराच्या दारावरून परतू नये. आत जाऊन एकेकीला आणि एकेकाला वेगळे विचारावे.